राजीनाम्यातलं कारण

"बाई, पिठाला हात लावू नका. तुम्ही दारातूनच सांगा."

आठवीच्या मुलींसमोर मुख्याध्यापिका हे बोलल्या. मी गृहशास्त्राची शिक्षिका. परातीत पीठ काढलं होतं, हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी मला खाली ठेवायला लावला. "पालकांची तक्रार आलीय. केलेलं मुली खातात ना." आवाज अगदी मऊ.

मी उंबऱ्याबाहेर गेले. तिथून सांगितलं, मीठ घाला, मोहन घाला, घट्ट भिजवा. घंटा होईपर्यंत सांगत राहिले. त्या बोलल्या याची नाही, मी उभी राहिले याची लाज अजून जात नाही.

आम्ही बुद्धाचा धम्म घेऊन सात-आठ वर्षं झाली होती. सांगलीच्या त्या शाळेच्या लेखी काहीच झालं नव्हतं. मी प्रोबेशनवर होते. काही बोलायला गेलं की मुख्याध्यापिका म्हणायच्या, "नेमणूकपत्र वाचलंय ना? आजच्या आज कमी करता येतं." 

शनिवारी एस.टी.नं कराडजवळ गावी आले. माझे वडील, आबा, पलटणीतून निवृत्त झालेले. सगळं ऐकून म्हणाले, "सोड ती नोकरी."

"महिन्याची नोटीस मागतील, आबा."

"कागुद आण. वाच मोठ्यानं."

मी वाचलं. 'प्रोबेशनच्या काळात उभयपक्षी कोणतीही पूर्वसूचना न देता नोकरी संपुष्टात आणता येईल.'

"उभयपक्षी म्हंजी?"

"दोन्ही बाजूंनी."

"मग दुसरी बाजू कुणाची हाय?"

शिकलेली मी. पाच महिने तो कागद पेटीत होता. त्यात माझीही बाजू असेल, हे मनात आलंच नव्हतं.

सोमवारी संस्थेच्या सचिवांपुढे राजीनामा ठेवला. ते म्हणाले, "असं जाता येत नाही. महिनाभर आधी कळवावं लागतं."

मी नेमणूकपत्र पुढे केलं.

"हे कलम संस्थेच्या सोयीसाठी आहे, बाई."

"त्यात उभयपक्षी लिहिलंय."

मग त्यांनी राजीनामा नीट वाचला. कारण मी स्पष्ट लिहिलं होतं : जातीवरून मला वर्गाबाहेर उभं केलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे खोडा. घरगुती अडचण लिहा. तुमची मूळ प्रमाणपत्रं आत्ता देतो. अनुभवाचा दाखलाही चांगला देतो. नाहीतर कुठली शाळा घेईल तुम्हाला?"

त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. खोटं कशाला सांगू, एक क्षण मी त्या पेनाकडे बघितलं.

"माझ्या घरात अडचण नाही. अडचण तुमच्या शाळेत आहे."

कारकुनाकडून नकलेवर पोच घेतली आणि निघाले. प्रमाणपत्रं त्यांनी कपाटातच ठेवली. ती मिळेपर्यंत शिक्षणखात्याच्या कचेरीत माझ्या चपला झिजल्या. अनुभवाचा दाखला मिळालाच नाही.

त्यानंतर साताऱ्यात तीन शाळांत मुलाखती दिल्या. तिन्हीकडे विचारलं, आधीची नोकरी का सोडली? तिन्हीकडे खरं सांगितलं. तिन्हीकडून बोलावणं आलं नाही.

चौथ्या शाळेतही विचारतील. मी तेच सांगणार. एक शब्द कमी करणार नाही.