आईच्या बोटीत आईलाच जागा नाही

अन्याय माझ्या आईवर झाला. सहा डिसेंबरनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, मानवतच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत झाला. करणारे तिघं: माझे पप्पा, माझे काका आणि काकांचा मेहुणा. तिघंही स्वभावानं चांगले आहेत. अन्याय करणारी माणसं स्वभावानं चांगली असली की कार्यकर्त्याची फार पंचाईत होते. मुर्दाबाद कुणाच्या नावानं म्हणायचं तेच कळत नाही.

आई उन्हाळ्यात निवृत्त झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पोरांना बेरजा-वजाबाक्या शिकवत तिनं नोकरी काढली. निरोपाला साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या बाईला उद्यापासून कुठंच वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ कशाला, हे मी तिथंच विचारणार होते, पण आईनं माझ्याकडं बघितलं. घरी आल्यावर काका म्हणाले, "वैनी, आता काय इरादा हाय? बुद्धगयेला जाऊन येता का?"

आई म्हणाली, "मला बोटीत बसून माझ्या बहिणीकडं जायचंय."

आईचं माहेर गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी फक्त पुस्तकात म्हणतात, एरवी ती गंगा. मावशी दिली तीही गंगेच्याच काठावर, खालच्या अंगाला. एका पाण्याच्या काठी दोघी बहिणी, पण एकीला दुसरीकडं जायचं तर यष्टीनं गंगाखेड, तिथं दुसरी गाडी, मग फाटा, आणि फाट्यापासून पुढं ज्याला दया येईल त्याची मोटारसायकल. आईनं लहानपणापासून ते पाणी मावशीच्या गावाकडं जाताना बघितलेलं. पाणी सरळ जातं, मग मी वळसे का घ्यायचे, एवढाच तिचा मुद्दा होता. निवृत्त शिक्षिकेनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि त्यात खर्चाचंसुद्धा फार काही नव्हतं.

आणि मग तो मुद्दा घरातल्या पुरुषांच्या हातात गेला.

पप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी पलंगावर नकाशा पसरला, उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी ठेवली आणि जाहीर केलं की दोन्ही गावं एकाच बंधाऱ्याच्या फुगवट्यात येतात. म्हणजे बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी मागं पसरलेलं असतं, त्यातच दोन्ही गावं. मध्ये दरवाजे नाहीत, अडथळा नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की बंधारा त्यांनीच आडवा झोपून घातला असावा.

काकांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या ओळखीतून त्यांनी येलदरी धरणाच्या पाण्यात मासेमारी करणारा एक जण गाठला. त्याच्याकडं फायबरची छोटी बोट होती, मागं मशीन लावलेली. ती ट्रॅक्टरवर टाकून आणायची, दोन दिवस गंगेत फिरायचं, मध्ये काठावर थांबून हुरडा खायचा, मावशीकडं मुक्काम करायचा आणि तसंच परत यायचं, असा बेत ठरला. काकांचा मेहुणा एकदा गोव्याला बोटीत बसला होता. त्या एका फेरीच्या जोरावर आमच्या घरात त्याला आरमारप्रमुखाचा मान मिळाला. तो "बॅलन्स" हा शब्द वरचेवर वापरायचा आणि पप्पा मान डोलवायचे.

गावभर मात्र वेगळीच बातमी. आमच्या जिल्ह्यात मशीनवाली बोट म्हणजे चोरटी वाळू, दुसरा अर्थच नाही. शेजारी पप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, रिटायर झाल्यावर हे कशाला? कोणत्या घाटावरून काढायलेत?"

"अवो, फिरायला जायलोत," पप्पा म्हणाले.

"बरोबर हाय. कुणी विचारलं तर असंच सांगा."

पप्पांनी खुलासे करून बघितले. खुलासा जितका जोरात, तितकी लोकांची खात्री पक्की. किराणावाल्यानं तर घराच्या बांधकामासाठी आगाऊ मागणीसुद्धा नोंदवली. प्रामाणिक माणसाला नदीवर नुसतं फिरायलासुद्धा जाता येऊ नये, अशी वेळ ज्यांनी या नदीवर आणली त्यांच्याबद्दल मी स्वतंत्रपणे लिहीनच. इथं घरातल्यांबद्दल बोलू.

तर तो रविवार. आई मागच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत होती. पुढं बैठक चालू होती.

"बोटवाला सोडून चार जणं," काका म्हणाले. "दादा तुमी, मी, आपले पाव्हणे. चौथी ही, शूटिंगला." ही म्हणजे मी.

"आणि आई?"

"वैनीचा इंतजाम येगळा हाय. वैनी जीपनं पुढं जातेत. आमी पोचूस्तोवर सैपाक तयार पायजे का न्हाई? पाण्यावर भूक लय लागती."

"लय," मेहुणा म्हणाला. "गोव्याला मला अनुभव हाय."

"काका, ही सहल आईची हाय."

"मग! तिच्यासाठीच तर एवढी धावपळ करायलोत."

पप्पा नकाशावरून मान वर न काढता म्हणाले, "आणि तिला पाण्याची भीती वाटती."

"असं म्हणली का ती?"

"म्हणत न्हाई गं ती. मनात ठेवती."

तेवढ्यात आई शेंगांची टोपली घेऊन दारात आली. "ठरलं का?"

"ठरलं की वैनी, फस्क्लास."

"मी कुठं हाय?"

"जीपमदी."

"बरं," आई म्हणाली आणि आत गेली. आईचं हे "बरं" ज्यांनी वर्गात ऐकलंय त्या पोरांना त्याचा अर्थ माहीत आहे. पुढच्या खोलीतल्या तिघांपैकी कुणीच तिच्या वर्गात नव्हतं.

मी एका छोट्या संघटनेत काम करते. बसस्थानकांवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहांना कुलूप का, रस्त्याचं काम अर्ध्यावर का, असली पत्रकं लिहून माझा हात तयार झालाय. त्या संध्याकाळी मी एक पत्रक लिहून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. "जाहीर निषेध! कष्टकरी, शोषित मातेच्या स्वप्नावर पुरुषी नियोजनाचा बुलडोझर!" काकांनी त्यावर गुलाबाचं फूल आणि शुभ रात्री पाठवलं. पप्पांनी अंगठा दाखवला. मेहुण्यानं एका मोठ्या जहाजाचा व्हिडिओ टाकला.

आईनं चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं.

"शुद्धलेखन चांगलं हाय," ती म्हणाली. "पण मी शोषित कुठं हाय? मी चिडलेली हाय."

"मग बोल की त्यांना."

"तू बोललीस. काय झालं?"

मी गुलाबाच्या फुलाकडं बघत बसले.

पुढच्या रविवारी चाचणी होती. बोट पाण्यात सोडायची, थोडं फिरून बघायचं आणि खरी सहल त्यानंतरच्या आठवड्यात. आम्ही जीपनं आईच्या माहेरी नदीवर गेलो. आई मागच्या सीटवर पिठाचा डबा, तवा आणि पातेली यांच्यामध्ये बसली होती. चाचणीला तवा कशाला, असं मी विचारल्यावर काका म्हणाले, "तीबी चाचणीच हाय."

बोट लांबून बघितली तर बरी होती, जवळून बघितल्यावर लहान झाली. बोटवाला सावळा, शांत, कमी बोलणारा. त्यानं गोणीतून भगव्या रंगाची लाईफ जॅकेटं काढून सगळ्यांना वाटली. पप्पांचं पोटावर बसेना, मेहुण्याचं उलटं झालं. काठावर मोटारसायकल थांबवून एक जण हे सगळं बघत होता.

"वाळू काढायला एवढा ड्रेस?" त्यानं विचारलं.

"फिरायला!" पप्पा ओरडले.

"मी कुठं न्हाई म्हणलं?"

तिघं पुरुष आणि मी बोटीत बसलो. बोट अशी हलली की पप्पांनी काकांचा, काकांनी मेहुण्याचा आणि मेहुण्यानं बोटवाल्याचा दंड धरला. बोटवाल्यानं आपला दंड सोडवून घेतला आणि विचारलं, "पोहायला कुणाकुणाला येतं?"

पप्पांनी जॅकेटचा बंद पुन्हा एकदा ओढून बघितला.

"तसं मी खात्यात होतो," पप्पा म्हणाले.

"मी लहानपणी विहिरीत उतरायचो," काका म्हणाले, "डबा बांधून."

मेहुण्याला त्याच वेळी मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मलाही येत नाही. मानवतमध्ये मी काय बादलीत शिकणार?

"मला येतं," काठावरून आई म्हणाली. पिठाचा डबा तिच्या कडेवर होता. "याच पाण्यात शिकले. पार करून पलीकडं जायचे मी, पेरू खायला."

पप्पा तिच्याकडं बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं होऊन ही बाई पोहते हे त्यांना तेव्हा कळलं. कारण विचारलं कुणी होतं?

"मग ह्या बाई बोटीत पायजेत," बोटवाला म्हणाला. "एक तरी पोहणारं माणूस असावं. मी मशीन बघणार का तुमाला बघणार?"

"असं कसं, वैनी तर पायजेतच!" काका एकदम उत्साहात आले. "आमाला कोण वाचवणार? या वैनी, या!"

इथं मी संतापले. सकाळपर्यंत जी बाई सामान होती, ती आता सुरक्षेचं साधन झाली होती. माणूस म्हणून तिचा नंबर अजून लागलाच नव्हता. आईनं डबा खाली ठेवला, साडी जरा वर खोचली, पाण्यात उतरून बोटीपाशी आली.

"मी कुणाला वाचवणार न्हाई," ती म्हणाली. "मी माझ्या बहिणीकडं निघाले. एक जण उतरा."

चार जागा, पाच माणसं. कुणी उठेना. पप्पांनी क्षितिज बघितलं. काका म्हणाले, उतरायला काही न्हाई, पण बोट त्यांच्या शब्दावर आलेली. मेहुणा म्हणाला, आत्ता कुणी उठलं तर बॅलन्स जाईल. मी उठायला लागले तर आईनं माझा खांदा दाबला.

"तू बस. तू उठशील हे सगळ्यांना माहीत हाय, म्हणूनच कुणी उठत न्हाई."

मी इतकी भाषणं ऐकलीत, दिलीतही. त्यातल्या एकातही हे वाक्य नव्हतं. मी बसले.

बोटवाल्यानं मशीन बंद केली. आई गुडघाभर पाण्यात बोटीच्या कडेला हात ठेवून उभी. एवढ्यात वरून, काठावरच्या मामाच्या घरातून, त्याच्या सुनेनं हाक मारली, "चहा झालाय! गरम हाय तवर या!"

न्यायासाठी न उठलेली तीन माणसं चहासाठी उठली. काका म्हणाले, चहा घेता घेता ठरवू. तिघं एकमेकांना धरत, भगवी जॅकेटं घालूनच काठ चढून गेले. तो मोटारसायकलवालाही त्यांच्यामागं गेला.

आई बोटीत चढली. गोणीतलं एक जॅकेट काढून घातलं, बंद लावले, मधल्या जागेवर बसली. बोट जराही हलली नाही.

"पेट्रोल कितपत हाय, भाऊ?" तिनं विचारलं.

"जाऊन येण्यापुरतं हाय, बाई."

"मग चालू करा."

बोटवाल्यानं वरच्या घराकडं एकदा बघितलं आणि दोरी ओढली. आम्ही निघालो. मशीनचा आवाज ऐकून तिघं हातात कपबशा घेऊन काठावर आले. काका ओरडत होते, "वैनी! सैपाकाचं सामान जीपमदी राहिलं!"

"घेऊन या!" आई ओरडली.

त्यानंतर बराच वेळ ती पाण्यात हात घालून बसली होती. मधूनच एखादं गाव दाखवून सांगायची, हे गाव तिनं पाठीमागून कधी बघितलंच नव्हतं. मी शूटिंग करायचं विसरले.

मावशी काठावर गोधडी धूत होती. बोट जवळ आली, आई उभी राहिली, भगव्या जॅकेटात. मावशीनं डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं.

"काय गं, यष्टी चुकली का?"

आई इतकी हसली की बोटवाल्यानं बोट धरून ठेवली.

तिघं जीपनं आले ते आमच्यानंतर. काकांनी पिठाचा डबा उतरवला. पप्पांनी तवा धरला होता. जॅकेट अजून अंगात, कारण बंद कसा सोडायचा ते कुणालाच कळलं नव्हतं. पप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "कसं वाटतं गं आतून? फुगवट्याला लाटा असतात का?" नोकरीभर त्यांनी या पाण्याचे कागद चालवले होते, पाण्यावर गेले नव्हते. मला राग धरून ठेवणं अवघड झालं.

आईनं ऐकलं. "परत जाताना बसा की माझ्या शेजारी," ती म्हणाली. "पण मी उतरणार न्हाई."

खरी सहल येत्या रविवारी आहे. आई बोटीत, पप्पा बोटीत, मी बोटीत. चौथ्या जागेवर मावशी बसणार आहे, दोन दिवस, आणि हे आईनं कुणाला न विचारता ठरवलंय. काका आणि मेहुणा जीपनं पुढं जातील, सैपाकाला. काकांचं पिठलं बरं होतं असं ऐकते.

आता तुमच्याकडं येते. हे वाचता वाचता तुम्ही काकांना हसला असाल, तर थांबा. तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी मागितलं होतं आणि त्याचा बेत तुम्ही करताय. त्या बेतात तुम्ही आत्ता ज्या जागेवर बसलाय ती कुणाची आहे ते बघा. तिची असेल तर तिला समजावू नका, तिची भीती तुम्हीच ठरवू नका, बैठक बोलावू नका आणि वरून चहाची हाक यायची वाट बघू नका. उठा.