वाऱ्याशी वैर

कचेरीत पाऊल टाकलं की आमचे सहकारी भाऊ आधी पंख्याचं बटण बंद करायचे, मग चपला काढायचे. "वारं लागते नं बाप्पा!"

आमच्या नेर गावचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल, तर आमचं काय होत असेल ते सांगायला नको. भाऊ मात्र दुपट्ट्यानं दोन्ही कान करकचून बांधून मजेत तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसलेले. डब्यात ठेचा, त्यावर वरून आणखी मीठ.

या वैराला कारण होतं. बोरी अरब गावी त्यांच्या थोरल्या भावाच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवी बाजू लुळी पडली होती. दर रविवारी भाऊ जाऊन त्यांना आपल्या हातानं जेवू घालायचे. "मले झालं तं त्याले कोण भरवन?" म्हणायचे. लकवा वाऱ्यानंच येतो, अशी त्यांची पक्की समजूत. बसमध्येही ते खिडकी लावून घ्यायचे.

एका दुपारी बोलता बोलता त्यांची जीभ जड झाली, हातातला पेन गळून पडला. थोड्या वेळानं सगळं पूर्ववत. "काही नाही, कोनं तरी पंखा लावला होता," भाऊ म्हणाले. मी ऐकलं नाही, ऑटोत घालून तडक डॉक्टरांकडे नेलं. खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो.

रक्तदाब पाहून डॉक्टर म्हणाले, "मेंदूकडे जाणारं रक्त अडलं की लकवा होतो, भाऊ. या वेळी थोडक्यात सुटलात. वाऱ्याचा काही संबंध नाही. खर्रा सोडा, मीठ कमी करा, रोज पायी फिरा, गोळी चुकवू नका."

भाऊंनी कानावरची दुपट्ट्याची गाठ चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे मी कान बांधून राह्यलो, अन् चोर तोंडातून शिरून राह्यला?"

खर्रा सुटेपर्यंत त्यांनी आम्हाला फार छळलं. उगाच चिडायचे, अळणी ठेचा आम्हालाही खायला लावायचे. पण कचेरीत पायी यायचे आणि घामाघूम होऊन स्वतःच पंखा लावायचे.

निवृत्त झाल्यावर ते भावाजवळ राहायला बोरी अरबला निघाले. आम्ही सगळे बसपर्यंत गेलो. भाऊंनी खिडकीजवळची जागा धरली, काच सरकवली, दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला.

"भाऊ, वारं लागन नं!" मी ओरडलो.

"लागू दे बाप्पा! त्याले भरवाले हात शाबूत हाये!"

बस वळेपर्यंत तो हात खिडकीबाहेर हलत होता.