उजव्या बाजूचे पडदे

कमलाक्षी राव, राहणार मल्लेश्वरम, बेंगळुरू, यांच्यावर अन्याय झालेला आहे. तो १९९७ सालच्या दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, दुपारचं जेवण झाल्यावर आणि चहाच्या आधी, तुर्कमेनिस्तान देशातल्या काराकुम वाळवंटातून उत्तरेकडे धावणाऱ्या एका टूरच्या बसमध्ये झाला. करणारे आम्ही. म्हणजे बसमधले सगळे. मी त्यात पहिली.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या या त्रैमासिकात हे ‘अनुभवांचं’ पान मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचलं. कुणाला पिंपळाखाली पांढरी साडी दिसते, कुणाचा आजोबा बाराव्या दिवशी खोकतो... मी पत्रकं लिहिणारी मुलगी. ‘अंगात येणं हा आजार आहे, दैवत नव्हे’ हे आमच्या गटाचं पत्रक माझं. यशवंतपूरला कारखान्यांच्या मागे जी वस्ती आहे तिथे नळ का नाही, हे विचारणारं पत्रकही माझं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी या पानावर लिहिते आहे, कारण जे झालं त्याला दुसरं कुठलं पान मिळेना.

कमलाक्षीअक्का आमच्या शेजारच्या. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. शाळेत भूगोल शिकवत असत. रिटायर झाल्या, यजमान गेले, मुलगा सुधीर शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहायला गेला. पण अक्का एकट्या आपल्या घरात मजेत होत्या. सकाळी फिरायला जायचं, बाजार स्वतः करायचा, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना नकाशे काढायला शिकवायचं. ‘‘एकटी आहे म्हणून कीव करू नकोस हं, वसू. एकटी आहे म्हणून तर बरी आहे,’’ असं मला म्हणायच्या.

तर मंडळातल्या काही लोकांनी ही टूर ठरवली. तुर्कमेनिस्तान! कोणी जात नाही अशा ठिकाणी जायचं म्हणून. अक्का एकदम तयार. एकट्या बाईला खोलीत जोडीदार लागतो, म्हणून मला धरून नेलं. ‘‘आयुष्यभर पोरींना काराकुम शिकवलं. काराकुम म्हणजे काळी वाळू. एकदा डोळ्यांनी बघू दे की.’’ आणि वाळवंट दिसल्यावर बसमधूनच ओरडल्या, ‘‘अय्यो! काळी कुठाय? पिवळी आहे! फसवलं मी पोरींना!’’ सगळी बस हसली. तेव्हा सगळ्यांना अक्का फार आवडत होत्या, हे लक्षात ठेवा.

बसमध्ये पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवरून भांडण झालं. ते मी मिटवलं. मी म्हटलं, रोज सगळे एकेक सीट पुढे सरकतील, आणि जे काही ठरवायचं ते हात वर करून, बहुमताने. टूर लीडर प्रभाकररावांनी टाळ्या वाजवल्या. ‘‘आली आमची लोकशाही!’’ मला फार बरं वाटलं. आज त्या टाळ्या आठवल्या की अंगाची आग होते.

त्या मंगळवारी पुढची सीट अक्कांची. उजवीकडे, दाराशेजारी. मी त्यांच्या मागे, खिडकीत. त्या देशात गाडी उजव्या बाजूने चालवतात, म्हणजे रस्त्याची कड आमच्या बाजूला. ऊन डावीकडून येत होतं. मागे अंताक्षरी जोरात. चिवड्याचा डबा फिरत होता. बाहेर काही नाही. काही नाही म्हणजे खरंच काही नाही... घर नाही, झाड नाही, उंट नाही, विजेचा खांब नाही. फक्त वाळू आणि उखडलेला डांबरी रस्ता.

अक्का म्हणाल्या, ‘‘वसू, बाई उभी आहे.’’

मी पाहिलं. होती.

रस्त्याच्या कडेला, घोट्यापर्यंत लांब लाल झगा घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई. पायात काही नाही. दोन्ही हातांत एक काळी झालेली किटली, तळ वर करून उलटी धरलेली. रिकामी आहे हे दाखवत असल्यासारखी. बस पुढे गेली. अक्कांनी मान वळवून विचारलं, ‘‘पाहिलीस?’’ मी म्हटलं, ‘‘काय?’’

का म्हटलं? आज त्याचं उत्तर देता येतं. कारण मागे देशपांडे काका ओरडत होते, ‘‘वसुधा, म वरून, म वरून!’’ आणि मला वाटलं, हो म्हटलं तर बस थांबवावी लागेल, चर्चा होईल, उशीर होईल. बस्स. भीतीबिती काही नव्हती. कंटाळा होता.

साधारण अर्ध्या तासाने अक्का उभ्याच राहिल्या. ‘‘प्रभाकर, थांबवायला सांग. तीच बाई आहे. पाणी मागते आहे.’’

तीच होती. तोच झगा, तीच किटली, तशीच उलटी. मधे आम्हाला एकही गाडी ओलांडून गेली नव्हती.

प्रभाकरराव उठून पुढे आले. ‘‘कुठंय अक्का? मला तर काही दिसत नाही.’’

‘‘मागे गेली आता! तू बोलत बसलास!’’

‘‘अक्का, अंधारायच्या आत पोचायचंय. असं कुणासाठी थांबत राहिलो तर...’’

देशपांडे काका रेल्वेतून रिटायर झालेले. ते मागून म्हणाले, ‘‘टाइमटेबल म्हणजे टाइमटेबल! अक्का, तहान लागली असेल तर आमच्याकडची बाटली घ्या.’’ हशा. अक्का म्हणाल्या, ‘‘मला नाही हो लागली! तिला लागली आहे!’’ आणखी हशा.

मग कोणीतरी म्हणालं, ‘‘मतदान घ्या ना. आपली पद्धत आहे.’’

मतदान घेतलं कोणी? मी. उभी राहिले आणि म्हटलं, थांबावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. अक्कांचा एकटीचा हात. थांबू नये? बाकी सगळे. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘वसू, तू माझ्या मागेच बसली आहेस. तू तरी सांग. दिसली की नाही?’’

मी सगळ्या बससमोर म्हटलं, ‘‘नाही अक्का. ऊन फार आहे. उन्हात असे भास होतात.’’

पाणी या विषयावर मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की छापखान्यातले लोक मला नळवाली म्हणतात. हे वाक्य इथे मुद्दाम लिहिते आहे.

तिसऱ्या वेळी ती रस्त्याला अगदी लागून होती. इतकी, की झगा बसला घासेल असं वाटलं. रस्ता उखडलेला, ड्रायव्हरने वेग कमी केलेला. ती हात करत नव्हती. एस.टी. स्टँडवर आपलं माणूस आलंय का म्हणून आपण कसं एकेक खिडकी बघत जातो... तशी ती बघत होती. एकेक खिडकी. सावकाश. माझ्या खिडकीशी तिची नजर आली, आणि नको असलेला ओळखीचा दिसल्यावर आपण करतो तेच मी केलं. खाली पाहिलं. चपलेचा पट्टा नीट केला.

अक्का ओरडल्या नाहीत. सरळ उठल्या, दाराशी गेल्या आणि दाराची कडी ओढायला लागल्या. प्रभाकरराव आणि देशपांडे काका धावले, त्यांना दोन्ही दंडांना धरून सीटवर बसवलं. अक्कांच्या बांगड्या वाजल्या. हातातली पाण्याची बाटली पडून सीटखाली गडगडत गेली. अक्का एवढंच म्हणत होत्या, ‘‘सोडा रे. स्वल्पच थांबा. देऊन येते. सोडा.’’

मी मागे वळून पाहिलं, कोणीतरी काही बोलेल म्हणून. आणि तेव्हा ते दिसलं.

उजव्या बाजूचे सगळे पडदे ओढलेले होते.

ऊन डावीकडे होतं. तिथले लोक डोळ्यांवर वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पडदे उघडे. आणि ज्या बाजूला सावली होती, ज्या बाजूला ती होती, त्या बाजूचा माझ्या मागचा प्रत्येक पडदा बंद. देशपांडे काकू पडद्याचं टोक मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या, गचक्याने सरकू नये म्हणून. अंताक्षरी थांबली होती. ती कधी थांबली ते मला सांगता येत नाही. पुढे पूर्ण प्रवासात ती पुन्हा सुरू झाली नाही.

चहाला थांबलो तिथे मी काकूंना गाठलं.

‘‘काकू, पडदा का ओढला होतात?’’

‘‘ऊन लागत होतं बाई.’’

‘‘ऊन त्या बाजूला होतं.’’

‘‘मग धूळ येत होती.’’

‘‘काच बंद होती, काकू.’’

‘‘तू काय पोलीस आहेस का गं? मत तूच घेतलंस ना?’’ असं म्हणून त्या निघून गेल्या. चहा तसाच ठेवून.

आमच्याबरोबर तिथला एक गाइड होता, मेरेत नावाचा, इंग्रजी बोलणारा. तो मागच्या सीटवर झोपला होता म्हणे. त्याला विचारलं, या रस्त्यावर वस्ती कुठे आहे? तो म्हणाला, आपण आलो त्या पट्ट्यात नाही. मी म्हटलं, ड्रायव्हरला विचार, त्याला बाई दिसली का. ड्रायव्हर चाक तपासत होता. त्याने मान वर न करता काहीतरी उत्तर दिलं. मेरेतने ते भाषांतर करायला वेळ लावला. ‘‘तो म्हणतो, तुम्ही लोकांनी हात वर केले होते. तो फक्त गाडी चालवतो.’’

मी पाणी घेऊन मागे जाऊ या, असं तेव्हाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

विमानाने दिल्ली आणि तिथून रेल्वेने परत आल्यावर बेंगळुरूच्या स्टेशनवर सुधीर आईला घ्यायला आला होता. प्रभाकररावांनी त्याला बाजूला घेतलं, पण इतक्या मोठ्याने बोलले की हमालांनाही ऐकू गेलं. ‘‘आईंना जरा चांगल्या डॉक्टरला दाखव. भलतंसलतं दिसतंय त्यांना. चालत्या बसमधून उडी टाकत होत्या.’’ सुधीर माझ्याकडे आला. तो वाईट माणूस नाही. घाबरला होता. ‘‘वसुधा, खरं सांग. तिथं कोणीच नव्हतं?’’

मी म्हटलं, ‘‘नव्हतं.’’

अक्का शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

त्यानंतर काय झालं ते मंडळात सगळ्यांना अर्धवट माहीत आहे, म्हणून पूर्ण सांगते. सुधीरने अक्कांना के. आर. पुरमला नेलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की अक्का दुपारपर्यंत झोपून असतात. मल्लेश्वरमच्या घराची किल्ली सुधीरकडे आहे. त्यांना एकटीने खाली दुकानातसुद्धा जाता येत नाही. घर भाड्याने द्यायचं ठरतं आहे, लोक बघून जात आहेत. ज्या बाईला जगाचा नकाशा पाठ आहे तिला जिना उतरायला परवानगी लागते. का? कारण बसभर माणसांनी साक्ष दिली की तिला नसलेलं दिसतं.

मी गेले सुधीरकडे. सगळं सांगितलं. बाई, किटली, तीन वेळा, पडदे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘स्टेशनवर तू नव्हतं म्हणालीस. आता होतं म्हणतेस. तू आईची लाडकी आहेस, हे मला कळतं. पण यातलं खोटं कुठलं? तेव्हाचं की आत्ताचं?’’

मी उठले आणि आतल्या खोलीकडे वळले.

आत अक्का पलंगावर बसल्या होत्या. त्यांच्यापुढेही कबूल केलं. वाटलं होतं रागावतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुलाही दिसली होती.’’ मग, ‘‘सरी, असू दे. माझं काय, मी इथे जेवूनखाऊन आहे. तिचं काय झालं असेल गं?’’

रात्रंदिवस मी याचा विचार केला आहे. मृगजळ म्हणावं, तर मृगजळ किटली उलटी धरत नाही आणि खिडक्या बघत नाही. तीन वेगळ्या बायका म्हणाव्यात, तर एकाच झग्यात, एकाच किटलीसह, जिथे घर नाही तिथे तिघी कशा? आणि तिघी असल्या तर आम्ही तीन तहानलेल्या माणसांना सोडून आलो. एकच असली, तर ती बसच्या पुढे कशी गेली? यातलं मला काहीच सुटत नाही. सुटेल असं वाटतही नाही. ती कोण होती ते मला माहीत नाही.

पण ती होती की नव्हती, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर मला माहीत आहे, आणि उजव्या बाजूला बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अक्कांना भ्रम झाला असेल तर तो एकाच वेळी सगळ्या बसला झाला होता. मग गोळ्या सगळ्यांनीच घ्या.

हे त्रैमासिक त्या बसमधल्या प्रत्येक घरात जातं. म्हणून नावानिशी तुम्हालाच सांगते. प्रभाकरराव, देशपांडे काका, काकू, आणि बाकीचे सगळे. माझ्या एकटीच्या शब्दाची किंमत मी स्वतः घालवली आहे, तुमच्या शब्दाची अजून आहे. घर दुसऱ्याला दिलं जायच्या आत के. आर. पुरमला जा. सुधीर दार उघडेल. चहापाण्याला बसू नका. त्याच्यासमोर उभे राहा आणि त्याला सांगा की तुम्ही तिला पाहिलं.