खोलीच्या गाण्याला मी खेळकर म्हटलं

लातूरच्या एका दैनिकात मी मुद्रितं तपासतो. रविवारच्या पुरवणीत गाण्यांवर एक सदरही लिहितो. ते मला कुणी दिलेलं नाही. तेवढी जागा दर आठवड्याला रिकामी राहायची, म्हणून मीच मागून घेतलं. संगीत विद्यालयाचा वार्षिक कार्यक्रम, भजनाच्या स्पर्धा, लग्नातले ऑर्केस्ट्रा, जे कानावर पडेल त्यावर लिहायचं. वाचणारे थोडे होते. पण आपल्याला कान आहे, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती आणि ती समजूत मला फार आवडायची.

नांदेडच्या एका बँडचा व्हिडिओ ऑफिसातल्या एकानं मला दाखवला. चौघंजण होते. बेस गिटार वाजवणारा मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. ड्रमवाला उदगीरच्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. कीबोर्डवर एक शाळामास्तर. आणि गाणारी मुलगी लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. आठवडाभर ती डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना पेशीविभाजन समजावून सांगायची आणि शनिवारी एसटीनं नांदेडला जाऊन बेसवाल्याच्या घराच्या माळ्यावर सराव करायची. गाणी त्यांची स्वतःची, मराठीत, नाचायची. त्या प्रकाराला फंक म्हणतात. ठोका जिथं पडेल असं आपल्याला वाटतं तिथं तो पडत नाही, केसभर अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो, आणि तेवढ्यानं अंग आपोआप हलायला लागतं.

नांदेडला एका कॉलेजच्या सभागृहात त्यांचा दुपारचा कार्यक्रम होता. मी मुद्दाम गेलो. पंखे फिरत होते तरी सगळे घामानं भिजलेले. पहिल्या गाण्यालाच मी खुर्चीवरून उठलो. बेसवाला तारा अंगठ्यानं ठोकायचा आणि मध्येच थांबायचा. त्या थांबण्यात ती मुलगी शब्द टाकायची. आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. पण प्रत्येक शब्द कुठं टाकायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या खोलीच्या गाण्याला.

"पूर्ण नाव सांगा, पूर्ण नाव
नाव कळलं, कोणतं गाव
गाव कळलं, कोणती गल्ली
गल्ली कळली, खोली गेली!"

शेवटचं 'गेली' सगळं सभागृह ओरडायचं. मीही ओरडलो. लातुरात खोली शोधणं म्हणजे सगळ्यांनाच माहीत असलेला ताप. बाहेरगावची हजारो पोरं, नळाची वेळ, गेट बंद व्हायची वेळ, मित्र आणायचे नाहीत, अंडं शिजवायचं नाही. त्याचीच गंमत केलीय, असं मी धरून चाललो.

कार्यक्रम संपल्यावर कॉलेजच्या कँटीनमध्ये मी तिच्याशी बोललो. मी विचारलं, "ही मागं राहायची सवय कुठून आली तुम्हाला? तुम्ही ठोक्याच्या जरा मागून गाता."

ती हसली. म्हणाली, "बाबांच्या ढोलकीवाल्यामुळं, सर."

मग तिनं सांगितलं. लोहा तालुक्यातलं गाव. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. वडील आणि चुलते यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. एप्रिल महिना सुरू झाला की पार्टी गावोगाव फिरायची, पार किनवटपर्यंत. ही लहानपणी हार्मोनियमच्या पेटीमागं गोधडीवर झोपायची. ढोलकी वाजवणारा चुलता हाताला लागल्यापासून जरा उशिरा थाप मारायचा आणि ती उशिराची थापच लोकांना आवडायला लागली. "आम्ही चौघं मिळून तीच थाप शोधून राहिलो," ती म्हणाली.

मग तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. "लिहून राहिलात का सर?"

मी पेन खिशात ठेवलं होतं. "न्हाई न्हाई," मी म्हणालो. "असंच विचारलं."

त्या क्षणी ते खरंच होतं. पण लातूरला परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात तो परिच्छेद आपोआप जुळत गेला. पेटीमागची गोधडी, चुलत्याचा दुखरा हात, उशिराची थाप. एवढं चांगलं मला वर्षानुवर्षं सुचलं नव्हतं. ते सोडून द्यायचं म्हणजे लेखाचा जीवच काढायचा, असं मला वाटलं. तिला एक फोन करावा हे मनात आलं नाही असं नाही. आलं. पण ती नको म्हणाली तर काय, हेही त्याच्या पाठोपाठ आलं.

लेख रविवारी छापून आला. मी मनापासून स्तुती केली होती. मराठवाड्यातून निघालेला हा पहिलाच आवाज असा आहे की जो कुणाची नक्कल करत नाही, असं लिहिलं होतं. बेसवाल्याच्या अंगठ्यावर आठ ओळी होत्या. तिच्या आजोबांचा धम्मस्वीकार, वडिलांची गायन पार्टी, ती थाप, सगळं होतं. "या मुलीच्या गळ्यात पिढ्यांचं दुःख नाचायला शिकलं आहे," असंही एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान वाटत होता. आणि खोलीच्या गाण्याबद्दल एकच ओळ होती. 'निखळ खेळकर गाणं.'

सोमवारी बेसवाल्याचा फोन आला. "सर, दुकानात आज मोबाईल घेऊन कुणी येईना, सगळे लेख वाचायला येऊन राहिले!" पुण्याच्या एका आयोजकानंही लेख वाचून त्यांना बोलावलं होतं. मी दिवसभर हवेत होतो.

बुधवारी तिचा फोन आला.

"लेख चांगला लिहिलात सर," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझी खोली गेली."

मी हसलो. मला वाटलं, ती गाण्यातली ओळ म्हणतेय. "खरंच गेली सर," ती म्हणाली.

क्लासेसच्या भागात एका निवृत्त गृहस्थांच्या घरी ती वरच्या खोलीत राहायची. दोन वर्षं झाली होती. रविवारी सकाळी घरमालकीणबाईंनी फोटो पाहिला, मथळा वाचला आणि कात्रण फ्रिजवर चिकटवलं. शेजारणीला बोलावून दाखवलंसुद्धा. संध्याकाळी त्यांच्या यजमानांनी चष्मा लावून लेख पूर्ण वाचला. सोमवारी फ्रिजवर कात्रण नव्हतं. मंगळवारी घरमालकीण काकूंनी जिन्यातूनच सांगितलं की भाचा शिकायला यायचाय, खोली लागणार, महिनाअखेर बघ.

"त्यांना माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"आमचं आडनाव गावावरून पडलेलं हाय सर. त्याच्यावरून कळत न्हाई. गाव विचारलं होतं, ते मी सांगितलं. गल्ली विचारली न्हाई."

तेव्हा मला ते गाणं ऐकू आलं. सभागृहात उभा राहून मी ज्यावर ओरडलो होतो ते गाणं बुधवारी फोनवर पहिल्यांदा कळलं. कोणती गल्ली म्हणजे गावातली कोणती बाजू. माझ्या गावातही आहे ती बाजू. मी लातुरात चार खोल्या बदलल्या. आमचं आडनाव ऐकलं की लोक किल्ली काढायचे. चौकशी अशी कधी झालीच नाही, त्यामुळं ती असते हे मला आठवायचं कारणच पडलं नव्हतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "लिहून राहिलात का म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, असंच."

"हो."

"मला लाज न्हाई वाटत त्याची. स्टेजवर मी स्वतः सांगते कधी कधी. पण कुठं सांगायचं, कधी सांगायचं, ते माझं मला ठरवू द्यायचं होतं."

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला न विचारता, क्लासवरून पत्ता काढून मी त्या घरी गेलो. काहीतरी केलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

दार यजमानांनी उघडलं. मी पेपरातला, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा ताठरला. मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं आणि ते ऐकल्यावर माणूस एकदम सैल झाला. "अरे, मग तुम्ही तर आपलेच. आमचे साडू तुमच्या शेजारच्या गावचे. बसा, बसा." आत हाक गेली. कपाटातले फुलांचे कप बाहेर आले.

"मुलगी चांगली आहे हो," मी म्हणालो.

"चांगलीच हाय. आम्ही कुठं वाईट म्हणतो?" ते म्हणाले. "माझ्या नातीला आकृत्या काढायला शिकवल्या तिनं. पण सांगायला पाहिजे होतं का नाही? घरात देव हायेत. गावाकडून आई येते, तिचं सगळं वेगळं असतं. आम्ही काही मानत नाही, पण आईला काय सांगू? तुम्हाला समजतं ना."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात ट्रे होता आणि त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "पोळ्या माझ्याकडंच खायची ती," त्या हळूच म्हणाल्या. यजमानांनी त्यांच्याकडं पाहिलं तशा त्या आत गेल्या.

मला बोलायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, साधं होतं. हे चूक आहे, तुम्ही हे करू नका. पेपरात मी असली वाक्यं कितीतरी वेळा लिहिली आहेत. पण त्या खोलीत मी 'आपला' होतो आणि त्या शब्दानं माझी जीभ धरली. मी म्हणालो, "बघा, जमलं तर." आणि चहा संपवला.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. या वेळी ती चिडलेली होती.

"तुम्ही तिकडं गेलात कामून? काकू म्हणाल्या, तुझे सर येऊन गेले, फार समजूतदार माणूस हाय. काय समजून घेतलंत तुम्ही तिथं?"

मी म्हणालो, "तुमच्यासाठी दुसरी खोली बघतो."

"नका बघू. मला मिळाली. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मॅडमकडं राहते."

त्यानंतर पुण्याचं पोस्टर आलं. त्यावर माझं ते वाक्य मोठ्या अक्षरात होतं, पिढ्यांचं दुःख नाचायला शिकलं आहे. खाली तिचा फोटो, त्यात ती हसत होती. तिनं आयोजकाला सांगितलं की हे वाक्य काढा, आम्ही दुःख वाजवत नाही, आम्ही फंक वाजवतो. तो म्हणाला, या वाक्यामुळंच तर लोक येणार. ती म्हणाली, मग मी येत नाही. बेसवाला तिच्या बाजूनं राहिला. ड्रमवाला नाही. एका ओळीसाठी पुणे घालवलं, असं म्हणून तो भांडला आणि उदगीरला परत गेला. तिकडं तो आता ऑर्केस्ट्रात वाजवतो.

हे सगळं मला बेसवाल्यानं त्याच्या दुकानात सांगितलं. समोर एक मोबाईल उघडा पडला होता. तो रागावला नव्हता, त्यामुळं मला जास्त त्रास झाला. "सर, तुमचा लेख मी फ्रेम करून ठेवला होता," तो म्हणाला. "माझ्या अंगठ्यावर एवढं कुणी लिहिलं न्हाई. पण तिला आवडेना, मग काढला भिंतीवरून."

मी संपादकांना सांगून वेबसाइटवरून तिच्या घरच्यांबद्दलचा परिच्छेद काढायला लावला. त्यांना पटत नव्हतं. "अरे, तुझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख आहे तो. आणि त्यात खोटं काय आहे?" खोटं काहीच नव्हतं. परिच्छेद निघाला, पण फोनमधले लेखाचे फोटो फिरायचे ते फिरतच राहिले.

बँड मात्र थांबला नाही. नवा ड्रमवाला किनवटच्या एका वसतिगृहात शिकलेला, हात अजून कच्चा. पावसाळा संपल्यावर त्यांनी लातुरात एका लहान हॉलमध्ये कार्यक्रम केला. मी गेलो आणि मागं उभा राहिलो. खोलीच्या गाण्याच्या आधी ती माईकवर म्हणाली, "ही माझ्यावर बेतलेली गोष्ट हाय," आणि ड्रमवाल्याला खूण केली. लोक नाचले. 'गेली' म्हणून ओरडले. मी ओरडलो नाही. गाणं पूर्वीइतकंच मजेचं होतं. त्यातली मजा आणि त्यातला राग वेगळे काढता येत नव्हते आणि हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्या कार्यक्रमावर मी लेख लिहिला. छापायला देण्याआधी तिला पाठवला. दोन दिवसांनी क्लास सुटायच्या वेळी ती रस्त्यात भेटली. हाताला खडू लागलेला होता.

"वाचलं," ती म्हणाली. "बरं हाय. ड्रमवाल्याला लई आनंद होईल. पण यात गाण्यांबद्दल काहीच न्हाई सर. खोलीचं तर नावच न्हाई."

"भीती वाटली," मी म्हणालो.

"मग तयार व्हाल तेव्हा लिहा," ती म्हणाली. "अर्धवट नका छापू."

विद्यार्थी तिला गाठायला येत होते, एकीच्या हातात आकृतीची वही होती. ती तिच्याकडं वळली. मी ऑफिसात गेलो आणि लेख मागं घेतला. त्या रविवारी सदराच्या जागी एका साडीच्या दुकानाची जाहिरात लागली. खोलीच्या गाण्यावर मी त्यानंतर तीनदा लिहायला बसलो आहे. तीनही वेळा पहिला परिच्छेद माझ्याबद्दलच होतो, आणि मी तो खोडून उठतो.