डोंगर काय पळून जातोय?

"डोंगर काय पळून जातोय व्हय?" असं म्हणत खिशातून मूठभर बेदाणे काढायचे आणि माझ्या तळहातावर ठेवायचे, ही आमच्या चाचांची सवय. बेदाण्यांनी माझं तोंड बंद होतं, असा त्यांचा समज. आजही बेदाणे दिसले की माझं डोकं फिरतं.

ठाण्याहून सांगलीला बदली झाली आणि मी विश्रामबागेत भाड्याने राहू लागलो. चाचा खालच्या मजल्यावरचे शेजारी. तासगावात त्यांचं बेदाण्याचं दुकान. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, इथे आहे तोवर सगळा मुलूख बघायचाय, आणि सगळ्यात आधी कुंडलच्या डोंगरावरची लेणी.

"मग रविवारी व्हॅन काढू की!"

तुम्ही म्हणाल, नशीबवान माणूस. थांबा जरा.

सागरेश्वरची हरणं बघायला निघालो, तर चाचांनी व्हॅन वाटेतल्या एका द्राक्षबागेत घातली. का, तर मालकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. विचारपूस, चहा, पोहे, पुन्हा चहा. हरणं राहिली. कृष्णेचा घाट बघायला गेलो आणि कुणाच्या तरी बारशाला जेवून परत आलो. बाळ कुणाचं, ते चाचांनाही नीट ठाऊक नव्हतं. ओळखीच्या दारावरून तसंच पुढे जाणं त्यांच्या लेखी गुन्हा होता.

कुंडलचं तर विचारूच नका. डोंगराच्या पायथ्याशी एका आजींचं पत्र्याचं घर. मूळच्या जतकडच्या, मेंढरं विकून इथे स्थिरावलेल्या. चाचांनी बाहेरून हाक मारायची, आजींनी चूल पेटवायची, मग दोघांचं बोलणं मेंढरांपासून नातवाच्या लग्नापर्यंत. मी आपला बूट घालून ताटकळत. तेवढ्यात ऊन उतरायचं. एकदा मी भडकलोच.

"चाचा, मी इथे चहा प्यायला येत नाही. मला वर जायचंय!"

"आवं सायेब, आदी मानसं बगा की. डोंगर काय पळून जातोय व्हय?"

पुन्हा बेदाणे.

मग माझी परतीची बदली आली. "ह्या रविवारी थेट वर. शप्पत," चाचा म्हणाले. आणि शुक्रवारी दुकानात बसल्या जागी गेले. दिलेला शब्द माणसाने असा मोडावा? मला रडू आलं नाही, संताप आला.

रविवारी एकटाच एसटीने कुंडलला गेलो. आजी दारातच होत्या.

"चाचा न्हाई आलं?"

सांगितलं. त्या रस्त्याकडे बघत उंबऱ्यावर बसल्या.

"लय वाईट मानूस," त्या म्हणाल्या. "बेदानं आनतो म्हनलं हुतं." मग माझ्यावर उखडल्या, "जावा तुमी. डोंगर बगायला आलासा न्हवं? बगा जावा!"

चूल त्यांनी पेटवली नाही. मी तरातरा चढायला लागलो. लेणी जवळ आली तेव्हा दम खायला थांबलो आणि वळून पाहिलं. खाली व्हॅन लागायची ती जागा मोकळी होती, आणि आजी अजून रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

चाचांना शिव्या घालत मी तिथूनच उतरलो.

"आजी," मी म्हणालो, "चहा ठेवा."