सासूबाईंच्या गोळ्या आणि माझ्या

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. लोक फॉर्ममध्ये काय काय खोटं भरतील याचा अंदाज बांधायचा आणि त्यानं काय मोडेल ते आधीच शोधून ठेवायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे २०२० साली डॉक्टरांनी विचारलेल्या साध्या प्रश्नांना मी खोटी उत्तरं दिली, तेव्हा निदान ती सफाईदार तरी होती.

झालं असं, की सासूबाई फेब्रुवारीत अमरावतीहून आमच्याकडे आयर्लंडात, ॲडम्सटाउनला तीन महिन्यांसाठी आल्या आणि मार्चमध्ये विमानंच बंद पडली. बॅगेत त्यांनी सांडगे, कुरड्या आणि ब्लडप्रेशरचं मशीन आणलं होतं, आणि मनात नातवाची आशा. आम्हाला सात वर्षांची एक मुलगी आहे. दुसरं नको हे मी आणि नवऱ्यानं केव्हाच ठरवलं होतं, फक्त त्यांना सांगायचं राहिलं होतं. कुणी सांगायचं यावरून आमचं दर वर्षी भांडण व्हायचं आणि दर वर्षी ते अर्धवट राहायचं. त्यांनी विषय काढला की नवरा "बघू" म्हणायचा आणि मी चहा टाकायला उठायचे.

बघण्यासारखं काही नव्हतंच. मी पाच वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. त्या पुण्याहून यायच्या. तिथे मेडिकलवाल्याला रिकामी स्ट्रिप दाखवली की तो नवीन काढून देतो, वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळून देतो, विचारत मात्र काही नाही. बहीण सहा-सहा महिन्यांचा साठा येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पाठवायची. विमानं थांबली, साठा संपत आला आणि आयुष्यात पहिल्यांदा या गोळ्यांसाठी डॉक्टरांशी बोलायची वेळ आली.

तेही फोनवर, कारण दवाखान्यात सहसा कुणाला बोलावत नव्हते. घरात चार माणसं आणि भिंती पुठ्ठ्याच्या. खाजगी बोलायला एकच जागा होती, दारातली गाडी. "बॅटरी उतरेल, जरा सुरू करून येते," असं सांगून मी गाडीत जाऊन बसले. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. मी त्यांना हात केला.

डॉक्टरीणबाई गोड होत्या. सिगारेट? कधीच नाही, मी अभिमानानं म्हणाले. वजन? त्यातले चार किलो मी माझ्या अखत्यारीत कमी केले. ब्लडप्रेशर घरी मोजलंय का? मशीन सासूबाईंच्या उशाशी होतं आणि ते मागायचं म्हणजे आधी कारण द्यायचं. मी आपलं एकशेवीस-ऐंशी सांगून टाकलं. हा आकडा आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. मग त्यांनी विचारलं, मायग्रेन होतं का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का?

मी म्हटलं, नाही.

आणि गंमत म्हणजे यात आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंही नाही. आमच्या माहेरी अर्धशिशी हा आजार नव्हताच, ती घरची रीत होती. आजीला होती, आईला होती, मला आहे. खिडकीला चादर लावायची, कपाळावर सुंठ उगाळून लावायची, आणि तासाभरानं पोळ्या लाटायला उठायचं. दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या रेघा चमचमतात, तर त्या सगळ्यांनाच दिसत असणार अशी माझी पक्की समजूत होती. "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत छान, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी केमिस्टकडे चिठ्ठी पाठवून दिली. गोळ्यांच्या खोक्यात हातभर लांब माहितीपत्रक होतं. मी त्याची होती तशी घडी घालून ते परत आत ठेवलं.

ऑगस्टमध्ये महालक्ष्म्या आल्या. पुण्यात आम्ही ज्यांना गौरी म्हणतो, त्या सासूबाईंकडे महालक्ष्म्या, आणि त्यांचा थाट लग्नघरासारखा असतो. अमरावतीला जाता येईना, तर देवींनीच ॲडम्सटाउनला यायचं ठरलं. त्यांनी दोन नारळांवर मुखवटे रंगवले, सोळा भाज्यांची यादी केली, मग कॅलेंडरसमोर उभ्या राहून बोटं मोजली.

"तुही तारीख नेमकी महालक्ष्म्यांत येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. एकाच घरात सहा महिने कोंडलेल्या बायकांच्या तारखा एकमेकींपासून लपत नाहीत. मग त्यांनी बॅगेच्या कप्प्यातून एक स्ट्रिप काढली. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. "घरात कधी काही कार्य निघालं तं असाव्या म्हणून आणल्या होत्या. दिवसातून तीन घे."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. आई, मी आधीच गोळ्या घेते, मधली सुट्टी न घेता पुढचं पाकीट सुरू केलं की पाळी आपोआप पुढे जाईल. पण त्या एका वाक्यात पाच वर्षांची लपवाछपवी उघडी पडत होती. तेव्हा मी दुसरा मार्ग पत्करला. दोन्ही घेतल्या. सकाळी बाथरूमचं दार लावून माझी गोळी, बाहेर आल्यावर त्यांच्यासमोर त्यांची. दुपारी आणि संध्याकाळी परत त्यांची. त्या पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहायच्या आणि मी गिळली की समाधानानं जायच्या. इतकी गुणी सून मी आधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

दोन्ही गोळ्यांच्या चौथ्या दिवशी सकाळी मी भाजीसाठी भोपळा चिरत होते. डोळ्यांपुढे रेघा आल्या. येऊ देत म्हटलं. मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, त्या कोपरापर्यंत चढल्या आणि सुरी हातातून निसटली. सासूबाईंना हाक मारायला गेले तर शब्दच सापडेना. तोंडातून काहीतरी भलतंच आलं. मुलगी तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत विचारायला लागली, मम्मी अशी का बोलतेय? मी भिंतीला टेकून खाली बसले, मग आडवी झाले. मी मरणार आणि ही पोरगी ते बघणार, एवढंच डोक्यात होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला हाका मारल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि दंडाला मशीनचा पट्टा आवळला. वरचा आकडा एकशेसाठ आला.

नवऱ्यानं गाडी हॉस्पिटलला नेली, पण त्या काळात दारातून आत फक्त पेशंटला सोडायचे. मी आत पोचले तोवर वाचा परत आली होती, हातही हलत होता. डोकं मात्र फुटत होतं. मास्क आणि गाऊनमधले ड्युटीवरचे डॉक्टर कागदावरचं माझं नाव वाचून थांबले.

"ताई, मराठी ना? कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"काही नाही," मी म्हणाले. सवयीचा परिणाम.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी लातूरचा. माझ्या आईनंही कुठल्या डॉक्टरला कधी खरं सांगितलं नाही. तुम्ही सांगा."

मग मी सांगितलं. माझ्या गोळ्या, सासूबाईंच्या गोळ्या, रेघा, आणि हवेतून काढलेलं एकशेवीस-ऐंशी. त्यांनी लगेच स्कॅन करायला पाठवलं. स्कॅन चांगला आला. हे अर्धशिशीचंच होतं, ते म्हणाले, पण अशा रेघा दिसणाऱ्या बाईनं इस्ट्रोजेन असलेली गोळी घ्यायचीच नसते, पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यात ब्लडप्रेशर न मोजता घ्यायची तर नाहीच. आणि वरून पाळी लांबवायच्या गोळ्या म्हणजे धोक्यात भर.

"आज सुटलात," ते म्हणाले. "दोन्ही बंद करा. इस्ट्रोजेन नसलेली गोळी असते, ती तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. पण या वेळी त्यांना खरं सांगा. आणि दोन-तीन दिवसांत पाळी येईल, घाबरू नका."

घरी आले तेव्हा सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या, समोर अर्धा चिरलेला भोपळा तसाच. मी एका दमात बोलून टाकलं. पाच वर्षं गोळ्या घेतेय. दुसरं मूल नकोय, दोघांनाही नकोय. आणि ऐन पूजेत मला पाळी येणार. नवरा मागे उभा होता. या खेपेला तो "बघू" म्हणाला नाही.

सासूबाईंनी त्यांची ती स्ट्रिप हातात घेतली. "म्हंजे मीच उभं राहून तुले गिळवल्या?"

"मीही सांगितलं नाही ना, आई."

"काऊन नाही सांगतलं? खाऊन टाकली असती का मी तुले?" असं म्हणून त्या रडायला लागल्या. आठ वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना.

पाळी पूजेच्या दिवशीच आली, वेळेवर. पुरणपोळ्या नवऱ्यानं लाटल्या, एकही गोल नव्हती. मी जिन्यात बसायला निघाले तर सासूबाईंनी देवींसमोर खुर्ची ठेवली. "त्या बी बायाच हाय. समजते त्यायले," त्या म्हणाल्या आणि आरती सुरू केली.

नवी गोळी रोज ठरल्या वेळेला घ्यायची असते. डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात बोलावून, ब्लडप्रेशर स्वतः मोजून ती दिली. घरी हे काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. सकाळी आठ वाजले की त्या खालून ओरडायच्या, "गोळी घेतली का व?" नवऱ्याच्या मीटिंगमधल्या सगळ्यांना ते ऐकू जायचं. ज्या बाईला नातू हवा होता, ती एक दिवस न चुकता तो न होण्याची व्यवस्था बघत होती.

२०२१ मध्ये त्यांना एकदाचं तिकीट मिळालं. विमानतळावर बॅगा देऊन झाल्यावर त्यांनी मला जरा बाजूला घेतलं.

"मले नातू पाह्यजे होता," त्या म्हणाल्या. "अजून बी वाटते. खोटं कायले सांगू?"

मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी माझ्याकडे घेतली.

"पण तू त्या दिवशी माह्या मांडीवर पडली होती ना, तवा मी देवीले नातू नाही मांगतला."