मल्लप्पाच्या घरी गेलेलं दावं

दावं मल्लप्पाचं होतं. ते मी नेलं आणि अप्पांशी खोटं बोललो. हे आधीच सांगतो; पुढे अप्पांविषयी जे चांगलं लिहीन, ते कोण लिहितोय हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

संतपूरच्या आसपास त्यांना देवणी गायींचे अप्पा म्हणत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खांद्यावर शेणाचे डाग पडलेला टॉवेल. त्यांनी जनावर कधी बाजारात उभं केलं नाही. गाय द्यायची ठरली, की आपल्या पसंतीच्या माणसाच्या घरी तिचं दावं पाठवायचे. तो स्वतः दावं घेऊन आला, की गाय त्याची. नको असेल, तर कुणाच्याही हाती परत पाठवायचं.

"दावं ज्याच्या घरी गेलं, त्यानंच आणायचं. भावानं न्हाई, बापानंबी न्हाई," असं ते म्हणत. एकदा एकाचा मेहुणा दावं घेऊन आला, तर त्याला पोटभर ताक पाजलं आणि गायीविना परत पाठवलं.

त्यांची रतन नावाची गाय मी दोनदा मागितली होती. दोन्ही वेळा ते हसले. "तू गाय बघत न्हाईस रं, दुधाची चरवी बघतोस." चारचौघांत म्हणाले, ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

मल्लप्पा माझा शेजारी. रतन पहिल्यांदा विताना अडली, तेव्हा हा माणूस दोन दिवस अप्पांच्या गोठ्यातून हलला नव्हता. गाय मात्र त्यानं कधी मागितली नाही.

निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. गावात भीती होती, लोक नातेवाइकांकडे निघून जात होते. अप्पांची लेक अफजलपूरहून त्यांना न्यायला आली. अप्पांनी गुराख्याबरोबर रतनचं दावं मल्लप्पाच्या घरी पाठवलं. मल्लप्पा बहिणीच्या गावी गेलेला. त्याची बायको ते घेऊन माझ्याकडे आली.

"अण्णा, हे घरी न्हाईत. दावं ठेवून घ्यावं का न्हाई, मला कळंना. तुम्हीच न्या आन् अप्पांना सांगा, चार दिस थांबा म्हणावं. हे येतेत."

मी गेलो. म्हणालो, "मल्लप्पाला नको म्हणं. मला द्या."

अप्पा रतनच्या गळ्याखालची पोळी खाजवत राहिले. "त्यो सोता म्हणला?"

"व्हय."

"मग ने. मी उद्या जायलोय, हिला कुठं ठेवू? पण दावं तुला धाडलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेव."

मल्लप्पाच्या बायकोला सांगितलं, अप्पा थांबायला तयार नव्हते. मल्लप्पा परतला, तोवर अप्पा गेले होते. माझ्या गोठ्यात रतन पाहून तो एवढंच म्हणाला, "अप्पांना माझ्यासाठी चार दिस थांबवलं न्हाई, म्हणायचं." पुढे त्यानं अप्पांचं नाव काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी अफजलपूरला त्यांना भेटलो. डोळे गेले होते. त्यांनी माझे हात चाचपले, वास घेतला. "रतनची धार तूच काढतोस व्हय? बरं हाय." मग हळूच विचारलं, "मल्लप्पा कामून नको म्हणला रं? माझं काय चुकलं?"

तोंडाशी आलं होतं. "ठाऊक न्हाई," म्हणालो.

"गाय बरी हाय न्हवं? मग झालं."

दिवाळीआधी ते गेले. रतन माझ्याकडे नऊ वर्षं होती. तिला मी काही कमी केलं नाही, पण धार काढताना चरवीकडे बघायची लाज वाटायची. ती गेल्यावर दावं खुंटीला राहिलं. ते काढून मल्लप्पाच्या दारात गेलो. तो कडबा तोडत होता. दावं त्याच्यापुढे ठेवलं.

"अप्पांनी हे तुलाच धाडलं होतं. तुला नको, असं मी त्यांना सांगितलं. ते शेवटच्या भेटीत विचारत होते, तू कामून नको म्हणलास. मल्लप्पा, मी खोटं बोललो. मला माफ कर."